जुनी एमजीबी पहिल्यांदाच ट्रॅकवर न्यायची आहे, आधी काय काय करून घेऊ?

नीरा_काठची

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. क्रोम बंपर, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा बटणावरचा जास्तीचा गिअर), आणि इंजिन मूळचंच, १७९८ सीसीचं. मी इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. एमजीबीच्या बॉड्या इथल्याच प्रेस्ड स्टीलच्या कारखान्यात बनायच्या आणि पुढे ॲबिंग्डनला गाडी जोडली जायची. त्यामुळे ही आमच्या गावची लेक आहे असं मी सगळ्यांना सांगत असते.

येत्या उन्हाळ्यात कॅसल कूमच्या सर्किटवर फक्त जुन्या गाड्यांचा ट्रॅक डे आहे. शर्यत नाही, कोणी घड्याळ लावत नाही, बंद सर्किटवर आपापल्या वेगाने गाडी चालवायची. माझी पहिलीच वेळ. रविवारी फिरायला गाडी ठणठणीत आहे, पण ट्रॅकवर तिला काय सोसावं लागेल याचा अंदाज नाही. हाताशी साधारण दीड हजार पौंड आहेत. क्लबातले एक गृहस्थ म्हणतात, एवढ्यात मोठा कार्ब्युरेटर आणि मोकळा सायलेन्सर बसव, तरच मजा येईल. दुसरे म्हणतात, ऑइल बघ आणि जा. तुम्ही असता तर काय केलं असतं?

---

चहाबाज

मी काहीच केलं नसतं, कारण माझ्याकडे गाडी नाही. पण धागा वाचणार. फोटो टाका आधी!

---

किंगपिन

इंजिनाला हात लावू नका. ते कार्ब्युरेटरचे पैसे ब्रेकमध्ये घाला.

कारण सांगतो. रस्त्यावर आपण एकदा जोरात ब्रेक मारतो आणि मग पुढची पाच मिनिटं ब्रेक नुसते थंड होत राहतात. ट्रॅकवर ती उसंत मिळत नाही. एक फेरी दीड-दोन मिनिटांची, त्यात तीन-चार ठिकाणी जोरदार ब्रेकिंग, आणि हे सलग पंधरा-वीस मिनिटं. डिस्क तापते, पॅड तापतात, ती उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. तेच पाणी मुरलेलं असेल तर १५५ च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट खाली जातं. गाडी मात्र वळणाकडे निघालेली असते.

आणि तुमची गाडी ब्रिटनमध्ये विकलेली, १९७१ ची असेल, तर ब्रेकचं सर्किट एकच असणार. हल्लीच्या गाड्यांसारखी दोन नाहीत. एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक गेले.

म्हणून क्रम असा ठेवा: सगळं जुनं ऑइल काढून नवं डॉट ४ भरा, अगदी ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात. तीन रबरी होज असतात, पुढे दोन आणि मागच्या ॲक्सलला एक. त्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बसलेल्या असतात. किती जुन्या आहेत ते माहीत नसेल तर सरळ बदला. मागचे ड्रम उघडा, व्हील सिलिंडरची (ड्रममधला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी नखाने उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. पुढचे पॅड थोडे जास्त तापमान सोसणारे घ्या, पण शर्यतीचे घेऊ नका. ते थंड असताना लागतच नाहीत आणि तुम्हाला त्याच गाडीने घरी परत यायचं आहे.

---

ग्रीसगन

किंगपिनदादांना अनुमोदन. एकच भर: सर्वो, म्हणजे ब्रेकच्या पेडलला जोर देणारी यंत्रणा, आहे का बघा. त्या काळी तो सगळ्या गाड्यांना नव्हता. नसेल तर पेडल जड लागेल, त्यात बिघाड काही नाही.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, तारांची चाकं. दिसायला त्यांच्याइतकं देखणं काही नाही, पण ट्रॅकवर नेण्याआधी प्रत्येक तार तपासा. चाक जमिनीवरून उचला आणि एखाद्या छोट्या पान्याने एकेका तारेवर हलकेच टिचकी मारत जा. ताणलेली तार किणकिणते. ढिली तार ठक्क असा मेलेला आवाज देते. दोन-चार ढिल्या सापडल्या तर चाक तारा कसणाऱ्याकडे पाठवा. तुटलेली एकही सापडली तर ते चाक ट्रॅकवर न्यायचं नाही, एवढं नक्की.

मग हबचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याचे, दाते. गाडी रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना मागून 'टक्' आवाज येतो का? येत असेल तर चाक आणि हब दोन्हींचे दाते झिजलेले असू शकतात. चाक काढा आणि दाते बोटाने चाचपा. माथा सपाट असायला हवा. धारदार टोकं लागली तर हब आणि चाक दोन्ही बदलायची वेळ आली. जुन्या हबवर नवं चाक चढवलं की नवंही झिजतं, तेव्हा अर्धं काम करू नका.

---

जपून_चालवा

मला हा सगळा प्रकारच पटत नाही. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी, मूळ इंजिन, मूळ सगळं, आणि तिला ट्रॅकवर पिदडायचं? धातूलाही वय असतं. या गाड्या आता नव्याने होणार नाहीत. रविवारी चकाचक पुसून, छत उघडून नदीकाठाने चालवावी, त्यातच तिचा मान आहे.

---

किंगपिन

@जपून_चालवा, तुमची कळकळ समजते. पण एमजीबी शोकेसमध्ये ठेवायला बनवलीच नव्हती. १९६३, १९६४ आणि १९६५ अशी तीन वर्षं कारखान्याने ती ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरवली. ६३ मध्ये ती वाळूत रुतली, चालकाने तासाहून जास्त वेळ हातांनी वाळू उपसून बाहेर काढली आणि तरीही गाडी बारावी आली. ६५ मध्ये पॅडी हॉपकर्क आणि अँड्र्यू हेजेस यांनी अकरावी आणली. ६४ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत जीटी गटही जिंकला.

आणि ही गाडी दुर्मीळही नाही. पाच लाखांहून जास्त बनल्या. ब्रिटनमध्ये तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. जिचा सुटा भाग मिळत नाही अशी एखादी गाडी असती तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

धातूच्या वयाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. पुढचे स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) आणि किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती उभी खीळ) काळजीने बघायलाच हवेत. किंगपिनला दर बाजूला तीन ग्रीस निपल असतात. चाक उचलून गाडीचं वजन उतरवा आणि मगच ग्रीस मारा, नाहीतर ते जायला हवं तिथे जात नाही. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. तेव्हा खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

---

जपून_चालवा

माहिती चांगली आहे. मत बदललेलं नाही. :)

---

दादरकर_इन_डर्बी

थोडं अवांतर. कॅसल कूमचं नाव वाचून आठवलं. ते सर्किट म्हणजे महायुद्धातल्या विमानतळाभोवतीचा रस्ता. १९५० पासून तिथे शर्यती होतात. गुडवुड तसंच, सिल्व्हरस्टोन तसंच, थ्रक्स्टन, स्नेटरटनही तसेच. युद्ध संपलं, धावपट्ट्या ओस पडल्या, आणि इंग्लंडला फुकटात सर्किटं मिळाली.

आपल्याकडेही तेच झालं. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या आणि मुंबईत जुहूच्या विमानतळावर. तोच जुहू, जिथे १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. आमचे काका जुहूच्या शर्यती बघायला दादरहून सायकलवर जायचे. धावपट्टीच्या कडेला पिंपं आणि गवताच्या पेंढ्या, बस्स, एवढीच सुरक्षा. त्यांच्या तोंडून ऐकलेले त्या गाड्यांचे आवाज मला अजून पाठ आहेत.

---

पद्मिनी_पाटे

वा! दादरकर, काकांच्या आठवणींचा वेगळा धागा काढा, प्लीज.

मी पुण्याचा. आमची प्रीमियर पद्मिनी आम्ही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर नेली होती. स्पोर्ट्स कार नव्हे, पण ब्रेकच्या बाबतीत धडा तोच. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम. पहिल्या तीन फेऱ्या झकास, चौथ्या फेरीला लायनरचा (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) जळका वास, पाचवीला पेडल कडक पण गाडी थांबायला तयार नाही. किंगपिन म्हणतात तो प्रकार वेगळा, त्यात पेडल खाली जातं. इथे पेडल वरच राहतं, लायनर मात्र घसरतं. दोन्हींतला फरक पायाला कळायला हवा. पेडल मऊ पडलं तर ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे आणि गाडी थांबत नाही तर लायनर किंवा पॅड तापलेत. दोन्ही वेळा करायचं तेच: वेग उतरवा, ब्रेक न वापरता एक फेरी सावकाश मारा आणि आत या.

आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका! तापलेल्या ड्रमवर लायनर दाबून ठेवलं तर चिकटू शकतं. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा.

---

चहाबाज

पद्मिनी ट्रॅकवर! गिअरचा दांडा स्टिअरिंगला असताना वळणात गिअर कसा बदलता हो?

---

पद्मिनी_पाटे

वळणात बदलायचाच नाही. वळणाआधी बदलून मोकळं व्हायचं. हे एमजीबीलाही लागू आहे. नीराताई, तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या आणि चौथ्या दोन्ही गिअरला असणार. सरळ रस्त्यावर वापरा, पण वळणाच्या मध्यावर त्याचं बटण दाबू नका. मागच्या चाकांना झटका बसतो.

---

कागदपत्रे_तपासा

सगळे पाने आणि ग्रीस बोलताहेत. मी कागदांचं बोलतो.

तुमचा रस्त्याचा विमा ट्रॅकवर बहुतेक चालणार नाही. पॉलिसीत वेगळं कलम असतं, ते शब्दन् शब्द वाचा. एका दिवसापुरता ट्रॅकचा विमा मिळतो, त्यात नुकसानीतली तुम्ही स्वतः भरायची रक्कम बरीच असते आणि दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान सहसा धरत नाहीत. गाडी बंद पडल्यावर उचलून नेणाऱ्या सेवेचंही तसंच. सर्किटच्या आवारातून गाडी उचलतात का, ते आधी विचारून घ्या.

दुसरं, तुमची गाडी चाळीस वर्षांवरची, म्हणजे २०१८ पासून तिला एमओटीतून, इथल्या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीतून, सूट. कायद्याने चाचणी नको म्हणून कोणी तपासलेलीच नाही, अशा बऱ्याच गाड्या फिरताहेत. ट्रॅक डेच्या आधी मुद्दाम एमओटी करून घ्या. खर्च थोडका, आणि तिसऱ्या माणसाची नजर फिरते.

---

ग्रीसगन

हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

मोकळ्या सायलेन्सरबद्दल: कॅसल कूमच्या आसपास वस्ती आहे आणि आवाजाचे नियम कडक आहेत. सकाळी सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरतात आणि इंजिन कमाल फेऱ्यांच्या पाऊण भागावर न्यायला सांगतात. एमजीबीला म्हणजे साधारण ४००० आरपीएम. मूळ सायलेन्सर हे आरामात पार करतो. मोकळा बसवलात आणि मीटरने नको म्हटलं, तर पैसे भरून दिवसभर कडेला उभं राहायचं.

---

रोलबार_हवाच

उघडी गाडी आहे म्हणून विचारतो, रोलबार आहे का? बरेच आयोजक उघड्या गाडीला त्याशिवाय आत सोडत नाहीत. आणि नुसता असून चालत नाही, हेल्मेट घालून बसल्यावर डोकं त्याच्या खाली राहिलं पाहिजे. रोलबारच्या माथ्यापासून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत एक सरळ काठी धरा. हेल्मेट तिला लागता कामा नये.

आणि कृपा करून रोलबार नसताना चार पट्ट्यांचा हार्नेस बसवू नका. गाडी उलटली तर साध्या पट्ट्यात माणूस निदान कलंडतो. हार्नेस त्याला ताठ बसवून ठेवतो आणि सगळा भार मान आणि डोक्यावर येतो. अर्धी सुरक्षा ही कधी कधी सुरक्षा नसण्याहून वाईट असते, हे मी अगदी पोटतिडकीने सांगतोय.

---

नीरा_काठची

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार.

रोलबार आहे, आधीच्या मालकाने बसवलेला. काठी धरून पाहिली, हेल्मेट दोन बोटं खाली राहतं. आयोजकांना फोटो पाठवला, त्यांना चालतो. मागच्या उजव्या ड्रममध्ये टोपीखाली ओल निघाली! दोन्ही सिलिंडर आणि तिन्ही होज मागवल्या. तारा टिचकी मारून तपासल्या, मागच्या डाव्या चाकाच्या काही ठक्क म्हणाल्या, ते चाक कसायला गेलंय. हबचे दाते चांगले आहेत.

इंजिन गरम होण्याबद्दल कोणी बोललं नाही. आणि टायर? दिसायला नवेकोरे आहेत.

---

किंगपिन

टायर दिसण्यावर जाऊ नका. बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. रविवारच्या गाड्यांचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून कडक होतात. दहाच्या आसपास वय असेल तर नक्षी कितीही खोल असो, बदला.

हवा: मूळ पुस्तकात पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय आहे. ट्रॅकवर ती कमी पडते, टायर बाजूला लोळतो. मी २६ ते २८ ने सुरुवात करीन, प्रत्येक खेपेनंतर मोजीन. टायर तापला की दाब वाढतो, तेव्हा वाढलेली हवा थोडी सोडायची. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा, ती कुठवर पुसली गेली त्यावरून कळतं.

इंजिन: रेडिएटर आतून साफ, कूलंट नवं, होजना बोटाने दाबून चिरा बघा, फॅनचा पट्टा बघा. ऑइल २०-५० जाडीचं, नवं, पातळी कमाल खुणेवर. लांब वळणात ऑइल इंजिनाखालच्या तळटाकीच्या एका बाजूला जातं, पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. डोळा ऑइलच्या दाबाच्या काट्यावर ठेवा. गरम इंजिनाला धावताना ५० ते ८० पीएसआय हवेत. वळणात काटा पडताना दिसला तर लगेच पाय काढा. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि ट्रॅकवर ते किती भराभर संपतं हे बघून थक्क व्हाल.

---

ग्रीसगन

पेट्रोलवरून: २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. कार्ब्युरेटरच्या नळ्या वाकवून बघा, चिरा दिसल्या तर इथेनॉल सोसणाऱ्या नव्या जातीच्या घाला. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. एक छोटं अग्निशामक नळकांडं सीटपुढे पक्कं बसवा, सुटं नको.

शॉकॲब्सॉर्बर तुमचे जुन्या दांड्याचे असतील, त्यांचं तेल भरून घ्या. एका गॅरेजने माझ्या गाडीचे 'तपासले' म्हणून पैसे घेतले होते, आणि मी झाकण उघडलं तर आत थेंब नव्हता. स्वतः बघा.

---

शिकवणी_लावा

उरलेल्या पैशांचं मी सांगतो. सगळे पैसे गाडीत घालू नका, काही चालवणारीत घाला. ट्रॅक डेला अर्ध्या तासासाठी शिक्षक बाजूला बसवता येतो. त्या अर्ध्या तासात जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही कार्ब्युरेटरने पडत नाही.

कॅसल कूमला एक जागा आधीच सांगून ठेवतो. एव्हन राइजचा उंचवटा आणि लगेच क्वारीचं उजवं वळण. उंचवट्यावर गाडी हलकी होते, आणि नेमकं तिथेच सगळ्यांना ब्रेक मारावासा वाटतो. चाकांवर वजन नाही, चाकं अडकतात. जोराचा ब्रेक उंचवट्याच्या आधीच संपवा. तुमची गाडी सर्वांत सावकाश असेल, त्याची लाज बाळगू नका. आरशात बघा, सरळ रस्त्यावर पाय थोडा उचला, ठरलेल्या बाजूने त्यांना जाऊ द्या. झेंडे सकाळच्या बैठकीत नीट ऐका. लाल दिसला की जोरात ब्रेक नाही, वेग उतरवून आत यायचं.

---

जपून_चालवा

हे सगळं वाचून एक मान्य करतो. ही गाडी ट्रॅकवर जाणार म्हणून जेवढी तपासली गेली, तेवढी शोकेसमधली कधीच तपासली जात नाही.

---

चहाबाज

जपून_चालवा विरघळले! स्क्रीनशॉट घेऊन ठेवा रे.

---

नीरा_काठची

जाऊन आले! गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि स्वतःच्या चाकांवर परत आली.

आवाजाच्या चाचणीत मीटरवाल्याने दोनदा बघितलं, इतकी ती शांत निघाली. माझ्या शेजारचा एक जण मोकळ्या सायलेन्सरसाठी परत पाठवला गेला. पहिल्या फेऱ्या पुढच्या गाडीमागे सावकाश. मग शिक्षिका बसली. तिने पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे स्टिअरिंग एवढं घट्ट धरू नकोस. एव्हन राइजला आधी ब्रेक संपवून उंचवट्यावर हलक्या पायाने गेले की क्वारीत गाडी कशी गपकन बसते! पुढच्या फेऱ्यांत मी त्या एका जागेसाठी फेरी मारत होते. कॅम्प नावाच्या लांब वळणात ऑइलचा काटा साठच्या खाली गेला नाही. ब्रेकचं पेडल संध्याकाळपर्यंत सकाळसारखंच होतं. प्रत्येक खेपेला दहा-बारा मिनिटांत आत येत होते, शेवटची फेरी ब्रेकशिवाय, आत आल्यावर ठोकळा. पद्मिनीवाल्यांना नमस्कार!

दीड हजारातले थोडे उरलेसुद्धा. कार्ब्युरेटर नकोच. मला अजून आहे तेवढी ताकदही नीट वापरता येत नाही, आणि ती शिकण्यातच खरी मौज आहे असं वाटतं.

एक प्रश्न राहिला. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड बाकीच्यांपेक्षा खूप खाल्ली गेली आहे, खडूची रेघ तर पूर्ण गायब. हवा २७ होती. काही चुकतंय का?

---

किंगपिन

अभिनंदन! कॅसल कूम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातं, बहुतेक मोठी वळणं उजवी, त्यामुळे डाव्या पुढच्या टायरवर सर्वांत जास्त भार येणारच. गरम असताना किती होती हवा? तीसच्या खाली असेल तर पुढच्या वेळी त्या एका चाकात दोन जास्त घाला. आणि एकदा पुढची चाकं किती आत वळलेली आहेत ते मोजून घ्या.

---

नीरा_काठची

गरम असताना २९. मोजून सांगते.